विश्लेषण : वंशावळीत आत्या, मावशी कुठे आहेत? आनुवंशिक आजारांचा माग काढणारा ‘पेडिग्री चार्ट’ कसा वाचायचा?

जात पडताळणीची फाइल तयार केलेल्या प्रत्येक घराला वंशावळ माहीत असते. अर्जदार, त्याचे वडील, आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा, काका अशी नावांची उतरंड कागदावर मांडली जाते. जमिनीच्या वादात, देवस्थानाच्या मानपानात आणि तीर्थक्षेत्रातील उपाध्यांच्या वह्यांतही वंशावळ सापडते. या बहुतेक कागदांत एक गोष्ट सारखी असते. नाव पुढे जाते ते मुलाकडून. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच थांबते आणि सुनेच्या माहेरची माणसे तर कागदावर येतच नाहीत.

जनुके मात्र आडनाव पाहत नाहीत. प्रत्येक मुलाला साधारण निम्मी जनुके आईकडून मिळतात आणि निम्मी वडिलांकडून. त्यामुळे फक्त पुरुषांची नावे असलेली वंशावळ घेऊन कुणी आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञाकडे गेले, तर तिचा उपयोग अर्धाच होईल. डॉक्टरांना हवी असते ती वेगळी वंशावळ. तिला वैद्यकीय भाषेत ‘पेडिग्री चार्ट’ म्हणतात. कागद, पेन्सिल आणि नातेवाईकांना विचारलेले काही अवघड प्रश्न, एवढ्यावर ती तयार होते. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांसारख्या आजारांत पुढची कोणती तपासणी करायची आणि ती कुणाकुणाची करायची, हे अनेकदा हा कागद ठरवतो.

पेडिग्री चार्ट म्हणजे काय?

एखाद्या कुटुंबातील किमान तीन पिढ्यांची नाती आणि त्यांतील आजार किंवा गुण ठरावीक चिन्हांनी दाखवणारा तक्ता म्हणजे पेडिग्री चार्ट. ‘पेडिग्री’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘क्रौंच पक्ष्याचा पाय’ असा आहे. वंशावळीत एका बिंदूतून खाली फुटणाऱ्या रेषा पक्ष्याच्या पायासारख्या दिसतात, म्हणून हे नाव पडले.

चिन्हे सोपी आहेत. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ. आजार असलेल्या व्यक्तीचे चिन्ह पूर्ण रंगवतात. आजाराचे जनुक असूनही स्वतः निरोगी असलेल्या ‘वाहक’ व्यक्तीचे चिन्ह अर्धे रंगवतात किंवा त्यात मधोमध ठिपका देतात. मृत व्यक्तीच्या चिन्हावर तिरपी रेघ मारतात. नवरा-बायकोला आडव्या रेषेने जोडतात आणि दोघे आधीपासून रक्ताच्या नात्यातले असतील, तर ती रेषा दुहेरी काढतात. या रेषेतून खाली उतरणाऱ्या रेषेवर मुले येतात, डावीकडे थोरले, उजवीकडे धाकटे. पिढ्यांना रोमन अंक देतात. ज्या व्यक्तीमुळे तपासणी सुरू झाली, तिच्याकडे बाण दाखवतात. अमेरिकेतील जनुकीय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने १९९५ मध्ये ही चिन्हे प्रमाणित करण्यात आली. आज मुंबईतील डॉक्टरने काढलेला तक्ता लंडनमधील डॉक्टर वाचू शकतो, तो या प्रमाणीकरणामुळे.

तक्त्यावरून काय कळते?

रंगवलेली चिन्हे कुठे आहेत आणि कुठे नाहीत, यावरून गुण कोणत्या पद्धतीने उतरतो याचा अंदाज येतो. मुख्य पद्धती तीन.

पहिली पद्धत प्रभावी जनुकाची. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आले तरी पुरते. रंगवलेले चिन्ह सहसा प्रत्येक पिढीत दिसते आणि आजारी व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता ५० टक्के असते. मेंदूतील पेशींचा ऱ्हास करणारा हंटिंग्टन हा आजार असा आहे. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या काठी या आजाराची असंख्य कुटुंबे राहतात. नॅन्सी वेक्सलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १८ हजारांहून अधिक लोकांची वंशावळ तयार केली. वेक्सलर यांच्या आईलाही हाच आजार होता. १९८३ मध्ये हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे समजले आणि १९९३ मध्ये ते प्रत्यक्ष सापडले. या दोन्ही टप्प्यांचा पाया घरोघर फिरून जमवलेली नाती हाच होता.

दुसरी पद्धत अप्रभावी जनुकाची. येथे आजार होण्यासाठी दोन्हीकडून सदोष जनुक यावे लागते. आई-वडील ठणठणीत आणि मूल आजारी, असे चित्र दिसते. सिकलसेल आणि थॅलेसेमिया याच गटातले.

तिसरी पद्धत ‘एक्स’ गुणसूत्राची. पुरुषाकडे एकच ‘एक्स’ असते आणि ते आईकडून येते. स्त्रीकडे दोन असल्याने एक बिघडले तरी दुसरे सहसा सांभाळून घेते. म्हणून आजार प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो, पण पुढे जातो तो निरोगी स्त्रियांमार्फत. लाल-हिरव्या रंगांतील फरक न कळणारे आजोबा, उत्तम दृष्टीची लेक आणि पुन्हा तोच दोष असलेला नातू, हा या पद्धतीचा नेहमीचा नमुना. अशा घराण्याच्या वंशावळीतून मधली लेक वगळली, तर आजोबा आणि नातू यांच्यात काही संबंध आहे हेच दिसणार नाही.

राणी व्हिक्टोरियाचे उदाहरण का दिले जाते?

कारण त्या घराण्याची नोंद लेकींसह ठेवली गेली. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरिया यांना चार मुलगे आणि पाच मुली. चार मुलग्यांपैकी फक्त लिओपोल्ड यांना हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार होता. १८८४ मध्ये पडल्याचे निमित्त होऊन वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. ॲलिस आणि बिआट्रिस या दोन मुली निरोगी होत्या, पण वाहक होत्या. ॲलिस यांची मुलगी ॲलेक्झांड्रा रशियाच्या झारची पत्नी झाली आणि त्यांचा मुलगा ॲलेक्सी हिमोफिलिया घेऊन १९०४ मध्ये जन्मला. बिआट्रिस यांची मुलगी स्पेनची राणी झाली आणि आजार त्या घराण्यातही पोहोचला.

तक्ता आणखी बारकाईने पाहिला तर नियम स्पष्ट होतो. लिओपोल्ड यांच्या मुलाला आजार झाला नाही, कारण वडिलांकडून मुलाला ‘एक्स’ जातच नाही. त्यांची मुलगी मात्र वाहक असणे अटळ होते आणि तिच्या मुलाला तो आजार झाला. राणीचा थोरला मुलगा सातवा एडवर्ड निरोगी होता, त्यामुळे त्याच्या शाखेतून आलेल्या आजच्या राजघराण्यात हा आजार आला नाही. रशियन राजकुटुंबाच्या अवशेषांतील डीएनएची तपासणी करून २००९ मध्ये संशोधकांनी हा हिमोफिलियाचा ‘बी’ प्रकार असल्याचे दाखवले. तो ‘एक्स’शी निगडित आहे, हे मात्र कागदावरच्या चौकोन-वर्तुळांनी फार आधीच सांगितले होते.

आई-वडील निरोगी, मग बाळाला सिकलसेल कसा?

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न सर्वात जवळचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, नंदुरबार या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातील काही अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते. रक्तातील हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात एका ठिकाणी बदल झालेला असतो. त्यामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना, पंडुरोग, वारंवार जंतुसंसर्ग असे त्रास होतात. एकच सदोष जनुक असलेल्या वाहकांना मात्र मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून काहीसे संरक्षण मिळते. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकून राहिले, त्याचे कारण हेच.

समजा, भंडारा जिल्ह्यातील एका घरात तीन वर्षांच्या मुलाचे हातपाय सुजतात, तो रात्ररात्र रडतो. तपासणीत ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलग्रस्त असे निदान होते. घरात पहिला सूर निघतो तो ‘आमच्या घराण्यात असे काही नव्हते, हे हिच्या माहेरचे’ असा. तक्ता काढला की हा सूर टिकत नाही. मूल ‘एसएस’ असेल तर एक ‘एस’ आईकडून आणि एक वडिलांकडूनच आलेला असतो. आईचे वर्तुळ अर्धे रंगवावे लागते, तसाच वडिलांचा चौकोनही. अमेरिकेत १९४९ मध्ये जेम्स नील यांनी आजारी मुलांच्या आई-वडिलांचे रक्त तपासून हेच सिद्ध केले होते.

मग आधीच्या पिढ्यांत आजार का दिसला नाही? कारण एका वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या व्यक्तीशी झाले, तर मुलांपैकी कुणालाच आजार होत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता तेवढी ५० टक्के राहते. असे जनुक चार-पाच पिढ्या गुपचूप प्रवास करू शकते.

‘२५ टक्के’ म्हणजे नेमके किती?

दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के. याचा अर्थ अनेक जण ‘एक आजारी झाले, आता पुढची तीन निरोगी होणार’ असा लावतात. हा गैरसमज घातक आहे. नाणे उडवताना मागच्या वेळी काय पडले याचा पुढच्या वेळी परिणाम होत नाही, तसेच येथेही आहे. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

उलट बाजूही आहे. अशा जोडप्याला चार मुले झाली, तरी एकही आजारी नसण्याची शक्यता जवळपास ३२ टक्के निघते. म्हणून ‘आमची चारही मुले धडधाकट आहेत’ हा वाहक नसल्याचा पुरावा ठरत नाही.

तक्ता आणखी एक हिशेब सांगतो. आजारी मुलाच्या निरोगी भावाचा किंवा बहिणीचा विचार करा. ते आजारी नाहीत हे नक्की झाल्यावर चारपैकी तीन शक्यता उरतात आणि त्यांतील दोन वाहकाच्या असतात. म्हणजे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता ५० नव्हे, दोन-तृतीयांश असते. काका, आत्या, मामा, मावशी यांतील प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता किमान ५० टक्के धरावी लागते. एका मुलाच्या निदानानंतर दोन्हीकडच्या नातलगांची तपासणी करायला सांगतात ती या गणितामुळे.

मामाच्या मुलीशी लग्न केल्यास काय होते?

महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी एक-अष्टमांश जनुके सारखी असतात, कारण दोघांचे एका बाजूचे आजी-आजोबा तेच असतात. आजी वाहक असेल, तर तिचे जनुक मुलाकडून नातीकडे आणि मुलीकडून नातवाकडे येऊ शकते. त्या दोघांचे लग्न झाले, तर ते पणतवंडात पुन्हा एकत्र येऊ शकते. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये लघवी काळी करणाऱ्या एका दुर्मीळ विकाराचा अभ्यास करताना अनेक रुग्णांचे आई-वडील सख्ख्या नात्यातील भावंडे असल्याचे दाखवले. माणसातील अप्रभावी आनुवंशिकतेचा तो पहिला ठोस पुरावा मानला जातो.

याचा अर्थ अशा प्रत्येक लग्नातून आजारी मूल होते असा नाही. कोणत्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण तीन टक्के असते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात तीत दोन-तीन टक्क्यांची भर पडते. मात्र घराण्यात एखादा अप्रभावी आजार आधीच असेल, तर हे आकडे लागू होत नाहीत. तिथे तक्ता मांडून स्वतंत्र हिशेब करावा लागतो.

आत्याला का विसरायचे नाही?

स्तनांच्या कर्करोगाची चौकशी करताना आई, मावशी आणि आजी यांच्याबद्दल हमखास विचारले जाते. वडिलांची बहीण आणि वडिलांची आई सुटून जातात. मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने १९९० मध्ये अनेक रुग्ण असलेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून सतराव्या गुणसूत्रावरील जनुकाचा माग काढला. आज ते ‘बीआरसीए-१’ या नावाने ओळखले जाते. यातील सदोष बदल वडिलांकडूनही मुलीला तितक्याच शक्यतेने मिळतो. वडील स्वतः निरोगी असतात, पण त्यांच्या दोन बहिणींना कमी वयात कर्करोग झालेला असतो. ती माहिती मुलीच्या डॉक्टरपर्यंत पोहोचते, ती तक्त्यात आत्यांची वर्तुळे असतील तरच.

तक्ता कुठे चुकू शकतो?

कुटुंबे लहान असतील तर नमुना दिसायला पुरेशी माणसेच नसतात. काही वेळा जनुकातील बदल त्या व्यक्तीतच प्रथम घडलेला असतो. हिमोफिलियाच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच आजार नसतो. व्हिक्टोरिया यांच्या वडिलांनाही तो नव्हता. काही आजार उतारवयात दिसतात आणि त्याआधीच व्यक्ती अन्य कारणाने दगावलेली असते. मधुमेह, रक्तदाब यांसारखे विकार अनेक जनुके आणि राहणीमान यांतून होतात, त्यांना वरील सरळ नियम लागत नाहीत. दत्तक गेलेले मूल किंवा लपवलेले आजारपणही तक्ता बिघडवते.

एक उदाहरण मुंबईचे आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. ‘ए’ किंवा ‘बी’ घटक ज्यावर तयार होतात, तो ‘एच’ हा पायाच या लोकांत नसतो. त्यामुळे ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक असूनही साध्या तपासणीत रक्तगट ‘ओ’ दिसतो. अशा आईच्या मुलाचा गट ‘बी’ निघाला आणि वडील ‘ओ’ असले, तर तक्ता अशक्य वाटतो आणि संशय तिच्यावर जातो. दोष तिचा नसून अपुऱ्या तपासणीचा असतो. तक्ता न जुळल्यास आधी तपासणी पुन्हा करावी, असे म्हणतात ते यासाठीच.

आपल्या घराचा तक्ता कसा तयार करायचा?

स्वतःपासून सुरुवात करून आई आणि वडील दोन्हीकडच्या तीन पिढ्या मांडाव्यात. प्रत्येकाचे वय, मोठे आजार, ते सुरू झाल्याचे वय, मृत्यूचे वय आणि कारण लिहावे. लहानपणी दगावलेली मुले, वारंवार झालेले गर्भपात आणि नात्यातली लग्ने वगळू नयेत. मूळ गाव आणि समाजही नोंदवावा, कारण काही जनुके ठरावीक भागांत अधिक आढळतात. ही माहिती बहुधा आजी, आत्या किंवा मावशीकडे असते. जुन्या पिढीच्या तोंडी आजारांची नावे नसतात. ‘सांधे धरायचे’, ‘अंगात रक्तच नव्हते’, ‘सतत कावीळ व्हायची’ अशी वाक्ये असतात. ती आहेत तशी लिहून घ्यावीत, अर्थ डॉक्टर लावतील. तक्त्यावर तारीख टाकावी आणि तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. त्यात इतरांच्या आजारांची माहिती असते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. आदिवासी भागातील सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. दोघेही वाहक असल्यास गर्भाची तपासणी करण्याचा पर्यायही असतो. लिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा आनुवंशिक आजारांच्या अशा तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो.

वाहक निघाल्यास लग्न मोडावे का?

वाहक असणे हा आजार नाही. सिकलसेलचा वाहक वाहक नसलेल्या व्यक्तीशी लग्न करू शकतो, त्यांच्या मुलांना आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर त्यांना धोका आणि पर्याय समजावून सांगणे हे जनुकीय समुपदेशकाचे काम, निर्णय त्या दोघांचा. प्रत्यक्षात मात्र ‘वाहक’ हा शिक्का मुलीच्याच कपाळी बसण्याची भीती अधिक. म्हणून घरचे तपासणी टाळतात आणि झालेली तपासणी लपवतात. तपासणी फक्त मुलीची न करता दोघांची केली, तरच तिचा उपयोग होतो. एकाच्या अहवालातून अर्धाच हिशेब निघतो.

घरात जात पडताळणीसाठी काढलेली वंशावळ असेल, तर तिची एक झेरॉक्स घ्यावी. जिथे लेकींची नावे नाहीत तिथे वर्तुळे काढावीत, जिथे सुना आहेत तिथून त्यांच्या माहेरची रेषा वर न्यावी. मूळ कागद जात पडताळणी समितीसाठी आहेच. ही दुसरी प्रत घरातील पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांना दाखवायची.